बर्फाच्या कारखान्याची भिंत

सुहास : मावशी, शेवटचं सांगतोय. मासळीची टोपली उचला. उद्या सकाळी उद्घाटन आहे.

गोदूबाई : तूच उचल की. शिंगाळा हाय, काटा तेवढा सांभाळ.

सुहास : चेष्टा नको. धक्क्याचं सुशोभीकरण चाललंय. या बंद कारखान्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं. आता भिंतीवरचं हे चित्र बघायला बाहेरून माणसं येतील.

गोदूबाई : कुत्रं फिरकत नव्हतं? मग आमी कोण होतो रे मेल्या? आत बर्फ व्हायचा तवा ही भिंत गारढोण असायची. मासळी टिकते म्हणून आमची सासू हितं बसली. तिच्यामागून मी.

सुहास : आता कुठाय बर्फ? तुमच्यासाठी मागे पत्र्याची शेड बांधलीय ना!

गोदूबाई : गटाराच्या कडेला. तू घेशील तिथनं मासळी? गिऱ्हाईक तुटलं की मी खाऊ काय, तुजं सुशोभीकरण?

सुहास : (वर परांचीकडे बघून) अक्षया मॅडम, जरा खाली या! तुम्ही काढलंय ना यांचं चित्र, मग तुम्हीच समजवा. आणि खालचा काळा पट्टा तसाच कसा? निळा मारा म्हटलं होतं.

अक्षया : बायकांच्या पाठी टेकून टेकून काळी झालीय ती भिंत. मी मुद्दाम ठेवलीय.

सुहास : फोटोत घाण दिसेल. त्या टोपल्याही.

गोदूबाई : ऐकलंस गो बाय? भिंतीवर मी टोपली घेऊन हसतेय ती चालते. खाली बसले की घाण!

अक्षया : तुम्हाला उठवणार आहेत हे मला कुणी बोललंच नाही, मावशी. खरंच.

गोदूबाई : आता कळलं ना? मग पूस मला.

अक्षया : काय?

गोदूबाई : मी हितं नको तर माजं तोंड पण हितं नको. पुसून टाक.

अक्षया : मावशी, महिनाभर राबलेय हो मी त्या चेहऱ्यावर.

गोदूबाई : मी जल्मभर राबलेय त्याच्याखाली.

अक्षया : ...सुहास, तो पांढऱ्या रंगाचा डबा द्या इकडे.

सुहास : मॅडम! वेड लागलंय का? निमंत्रण पत्रिकेवर हेच चित्र छापलंय!

अक्षया : मावशींना विचारून काढलं होतं. आता त्या नको म्हणतायत. द्या डबा, चेहऱ्यापासूनच सुरू करते.

सुहास : अहो, साहेब मला घरी बसवतील!

गोदूबाई : घरी कशाला? शेडमधी बस. जागा रिकामीच हाय.

सुहास : मॅडम, उतरा. उतरा म्हणतो ना! ठेवा तो ब्रश. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगतो. तो काळा पट्टाही राहू दे... मावशी, बसा तुम्ही.

गोदूबाई : बसा काय? मी उठले होते कधी?