लाल खडूची फुली

नाही नाही, ती खुर्ची राहू द्या, मी उभाच बरा! अहो खरंच नको... एकदा वाकून तिच्या पायाकडे बघा, लाल खडूची फुली दिसली? दिसली ना? झालं तर मग! ती आमच्या हिनं मारलीय, आणि हिनं फुली मारलेल्या खुर्चीवर मी बसलो तर मला घरात घेणार नाहीत. तुम्ही हसताय, पण तुम्हाला सांगतो, या फुलीपायी आमच्या घरानं गेल्या आठ महिन्यांत जे भोगलंय ना...

म्हणजे काय, आमची ही चोवीस वर्षं खुर्च्यांच्या कारखान्यात होती. काम काय? बसायचं! हसू नका हो, खरंच बसायचं. तयार झालेली खुर्ची हिच्यापुढे यायची, ही बसायची, डावीकडे झुकायची, उजवीकडे झुकायची, मागे टेकायची, उठून खुर्ची उलटी करून सांधे बघायची, ठीक असेल तर पांढरी खूण, नसेल तर लाल फुली. दिवसाला दीडशे! साहेब म्हणायचे, "बाईंनी पांढरी खूण केली ना, मग खुशाल हत्ती बसवा." आणि एके दिवशी त्याच साहेबांनी यंत्र आणलं. लोखंडी हात, पुढे चकती, दाणदाण दाबतंय खुर्च्यांवर. "बाई, उद्यापासून तुम्ही आराम करा." एकोणपन्नासाव्या वर्षी! यंत्राला बसवलं हो, आणि माणसाला उठवलं! आता मला सांगा, यात हिचं काय चुकलं?

तरी ही रोज सहाला उठून दोन डबे भरायची. एक माझा, आणि एक? मला कळेना. एकदा मी दुपारी अचानक घरी आलो, तर ही स्वयंपाकघरात एकटी, बरोबर एक वाजता, डबा उघडून जेवतेय. घरात! म्हटलं, "अगं, ताट घे की." म्हणाली, "सवय आहे." एवढंच. तेव्हाच ठरवलं, हिला काम मिळायलाच पाहिजे.

पहिली मुलाखत एका दवाखान्यात, पेशंटची नावं लिहून घ्यायला. डॉक्टर मोठा गोड माणूस, म्हणाला, "बसा." आता हिला 'बसा' म्हणायचं म्हणजे...! बसली. डावीकडे झुकली. उजवीकडे झुकली. उठून खुर्ची उलटी केली आणि म्हणते, "मागचा डावा पाय आखूड आहे. पेशंट पडला तर?" डॉक्टर म्हणाला, "बाई, आपण कामाचं बोलू या का?" ही म्हणाली, "मग मी काय बोलतेय?" झालं! "कळवतो." कळवतो म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. दुसरीकडे पंचविशीतला साहेब, गरागरा फिरणाऱ्या खुर्चीत. "वय?" "एकोणपन्नास. तुमच्या खुर्चीचं?" कळवतो! तिसरीकडे... कळवतो! मी आपला दरवेळी खाली स्कूटरपाशी दोन हेल्मेटं घेऊन उभा, ही जिना कशी उतरते त्यावरूनच ओळखायचो. पण मला सांगा, पाय आखूड होता ना? मग हिचं काय चुकलं?

शेवटी आमच्या लेकीनं कारभार हातात घेतला. लेक कसली, आईची आई आहे ती! "आई, नीट ऐक. खुर्चीकडे बघायचं नाही. खुर्ची हलली तरी तू हलायचं नाहीस. आणि पर्समधले खडू काढ." "खडू राहू देत ना गं..." "काढ!" काढले बिचारीनं. मला बघवेना.

आणि आलो इथे. हो हो, इथेच, याच सभागृहात! तिकीट खिडकीवर माणूस हवा होता. मॅनेजर तुम्ही पाहिलाय, मघाशी दारात उभा होता, म्हणजे दार दिसतच नव्हतं. या वेळी मलाही आत बोलावलं. ही हात मांडीवर घट्ट धरून, नजर समोर, काय एकेक उत्तरं दिली, वा! मॅनेजर खूश. "बाई, माझ्या मते तर तुम्ही उद्यापासूनच..." म्हणत मागे टेकला, आणि कर्र्र! मी ऐकलं. हिनं तर ऐकलंच. मी डोळ्यांनी विनवतोय, नको, अगं नको, एक शब्द राहिलाय त्याचा, 'या' म्हणू दे त्याला! "उठा," ही म्हणाली. "काय?" "उठा म्हणते ना!" अशी ओरडली की त्याच्याबरोबर मीही उठलो. हिनं खुर्ची उलटी केली, पाय नुसता धरला, तो हातातच आला! मॅनेजर त्या पायाकडे बघतोय, ही मॅनेजरकडे, मी दाराकडे. शेवटी मॅनेजर म्हणाला, "कळवतो."

स्कूटरवर मागून आवाज आला, "रागावलात?" म्हटलं, "छे गं." "पडला असता हो तो. कंबर मोडली असती." "माहीत आहे मला." दुसऱ्या दिवशी ओट्यावर एकच डबा होता. माझा. एका माणसाची कंबर वाचवली, यात हिचं काय चुकलं?

तिसऱ्या दिवशी फोन. मॅनेजर! "खिडकीवर दुसरा माणूस घेतला." म्हटलं, बरं. "पण बाईंना विचारा, आमच्या सभागृहात सहाशे चाळीस खुर्च्या आहेत, किती दिवसांत बघून होतील? आणि पुढेही कायम त्यांनीच बघायच्या." मी विचारायच्या आत ही आतून ओरडली, "पाच!" आणि लेकीपुढे हात पसरून उभी राहिली, "दे माझे खडू."

तेव्हा फुली नसलेल्या खुर्चीत तुम्ही निर्धास्त बसा. पण आमच्या घरी? हिला आता असा हुरूप आलाय, की जेवायच्या चारही खुर्च्यांवर फुली, लेकीच्या अभ्यासाच्या खुर्चीवर फुली, आम्ही तिघं जमिनीवर! आज निघताना म्हटलं, "सगळं तपासतेस, नवरा कधी तपासलास का?" तर म्हणते, "नोकरी लग्नानंतर लागली हो माझी. आधी लागली असती तर..." आणि खडू काढून माझ्या पाठीवर काहीतरी काढलं! काय ते सांगायला तयार नाही, नुसती हसतेय. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. मी असा वळतो, तुम्हीच बघा आणि खरं काय ते सांगा... काय? लाल?... फुली?

वाटलंच मला! जाऊ द्या... आता बदलून कोण देतंय!