कौसाबाईंची पाठ

मंडळी, ऐका. आज देवासमोर उभा राहून एक साधा प्रश्न विचारतो — घरात कुणाचं दुखत असेल, तर आधी काय शोधावं? औषध? डॉक्टर? की आणखी काही? थांबा, घाईनं उत्तर देऊ नका! आधी कौसाबाईंची कथा ऐका.

तासगावच्या कौसाबाई थोरवे. नवरा लवकर गेला. बेदाणा निवडून दोन लेकरं वाढवली — हणमंत आणि शालन. सकाळी बसायच्या त्या दिवस मावळेपर्यंत, मान खाली, पाठ वाकलेली. साठीला आल्या आणि पाठ दुखायला लागली. मग काय! आपल्याकडे दुखणं एकाला आणि डॉक्टर घरातले सगळे! हसताय? तुमच्या घरी वेगळं चालतं होय?

शालनचा गुडघा व्यायामानं बरा झालेला. ती म्हणाली, आईला फिजिओथेरपीच करायची. हणमंतच्या मित्राची पाठ सांगलीच्या कायरोप्रॅक्टरनं — म्हणजे हातानं मणक्यावर दाब देऊन उपचार करणाऱ्यानं — एका दिवसात मोकळी केलेली. तो म्हणाला, तिकडेच न्यायचं. दोघांचाही आईवर जीव, बरं का! पण बहीण माघार घेईना, भाऊ ऐकेना. दोन महिने वाद, मग बोलणंच बंद.

शेवटी शालन आईला फिजिओथेरपीला घेऊन गेली. तिथल्या बाईंनी विचारलं, "मावशी, बसल्यावर दुखतं की आडवं पडल्यावर?"

कौसाबाई बोलणार, तेवढ्यात शालन म्हणाली, "बसून काम करते ना ती. बसल्यावरच दुखतं."

व्यायाम सांगितले गेले, कौसाबाईंनी ते महिनाभर दात आवळून केले. दुखणं वाढलंच. हणमंतला वाटलं — बघा, माझंच खरं! त्यानं आईला सांगलीला नेलं आणि तिथं पोचल्या पोचल्या तोच सगळं सांगायला लागला. कायरोप्रॅक्टर वयानं मोठा माणूस. त्यानं हणमंतला बाहेर बसवलं.

"आता तुम्ही सांगा," तो कौसाबाईंना म्हणाला.

चार महिन्यांत त्यांना कुणी स्वतः बोलू दिलं ते पहिल्यांदा, मंडळी! पहिल्यांदा!

"आडवं पडलं की जास्त दुखतंय," त्या म्हणाल्या. "पाय बधिर होत्यात. जेवण जात नाही."

त्यानं पाठीवर दाब दिलाच नाही. हणमंतला आत बोलावून सांगितलं, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं कळलं — कॅन्सर. मणक्यापर्यंत पोचलेला. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

खाटेच्या एका बाजूला हणमंत, दुसऱ्या बाजूला शालन. तिनं रडत विचारलं, "आई, तू आम्हाला सांगितलं का नाहीस?"

कौसाबाईंनी दोघांचे हात धरले. म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठीच भांडत होता. एकाचं खरं म्हटलं असतं तर दुसऱ्याला लागलं असतं, बाळा."

महिन्याभरात त्या गेल्या.

मंडळी, मी काही वैद्य नाही. व्यायामानं बरं होतं की हाताच्या दाबानं, ते जाणत्यांना विचारा. उपचार करणाऱ्या त्या दोघांनी आपलं काम नीट केलं — त्यांनी विचारलं! विचारलं नाही ते पोटच्या लेकरांनी. म्हणून सांगतो, आज घरी गेलात की ज्याचं दुखतंय त्याच्याजवळ बसा. कुठं दुखतं, कधी दुखतं, एवढंच विचारा. आणि मग — हात जोडतो — त्याच्या वतीनं उत्तर देऊ नका.

चला, आता त्या माउलीसाठी विठ्ठलाचं नाव घ्या... सावकाश घ्या.