पंखा बंद असताना

हेल्मी : परत एकदा सांग. पण मी रेइनोची बायको नाही, कंपनीची कुणीतरी बाई आहे असं समजून सांग. म्हणजे तुला अवघड जाणार नाही.

ड्वेन : अवघड कसलं, हेल्मीबाई. भट्टीच्या पोटात ही पत्र्याची पेटी असते ना, तिच्या आत गॅस जळतो आणि बाहेरून घरातली हवा फिरते. धूर धुराड्याने बाहेर, गरम हवा नळांतून वर खोल्यांत. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच या पेटीचं काम. आणि तिला भोक पडलंय. हा आरसा धरतो, वाकून बघा.

हेल्मी : दिसलं. माझ्या करंगळीएवढं आहे.

ड्वेन : ते पुढचं. मागे अजून आहेत.

हेल्मी : म्हणजे तो विषारी धूर हवेत मिसळून वर जाणार.

ड्वेन : आणि पहिल्यांदा रेइनोंच्या खाटेशेजारच्या जाळीतून निघणार. म्हणून तर आल्या आल्या बंद केली. कालपासून जाळ मधूनमधून विझत होता, घर तापत नव्हतं, तेही या भोकांमुळेच.

हेल्मी : कळलं मला. भट्टीचा पंखा थांबला की या घराला दडे बसल्यासारखं होतं. आमची लीसा कॉलेजात होती तेव्हा फोन घेऊन इथे तळघरात यायची, आणि हा वर खुर्चीत पेपर धरून पंखा थांबायची वाट बघत बसायचा. पंखा थांबला की नळातून शब्दन्‌शब्द वर. ट्रक चालवणाऱ्या त्या पोराचं प्रकरण तसंच तर उघडं पडलं. पेपर उलटा धरला होता यानं, तरी तिला संशय आला नाही.

ड्वेन : आत्ता जागे आहेत का ते?

हेल्मी : छे. दुपारची गोळी घेतली की चारपर्यंत ढोल वाजवला तरी उठत नाही. तू बोल. वॉरंटी आहे या पेटीवर, वीस वर्षांची. रेइनोनं स्वतः बसवलेली भट्टी, कागद जपून ठेवलेत.

ड्वेन : फोन केलात का त्यांना?

हेल्मी : सकाळचा कार्यक्रम तोच होता. एक पोरगा लागला, टेक्सासचा. अतिशय गोड. 'तुमचा त्रास मी समजू शकतो, मॅडम.' मी म्हटलं, बाबा, इथे बाहेर उणे तीस आहे, खिडकीला आतून बर्फ धरलाय. म्हणाला, आमच्याकडेही आज गारवा आहे, मी स्वेटर घातलाय. त्यानं माझा त्रास इतक्या वेळा समजून घेतला की शेवटी मलाच त्याची कीव आली.

ड्वेन : मग झालं काय?

हेल्मी : वॉरंटी रेइनोच्या नावावर, तेव्हा तो स्वतः बोलला पाहिजे. मी सांगितलं, त्याला झटका येऊन गेलाय, जीभ जड आहे. तर म्हणे, फक्त नाव आणि जन्मतारीख सांगू द्या. धरला फोन त्याच्या तोंडाशी. यानं सांगितलं. पोरगा म्हणाला, सॉरी सर, पुन्हा. यानं पुन्हा सांगितलं. पोरगा म्हणाला, सर, जरा स्पष्ट. ज्या माणसानं या गावातल्या निम्म्या भट्ट्या बसवल्या, त्याला स्वतःचं नाव पटवून देता येईना. तिसऱ्यांदा यानं मान भिंतीकडे वळवली.

ड्वेन : अरे देवा.

हेल्मी : मग तो पोरगा माझ्याशी बोलायला तयार झाला. बहुधा घाबरला. म्हणाला, दरवर्षी परवानाधारक माणसाकडून देखभाल केल्याच्या पावत्या पाठवा. आता सांग, कुठून आणू? दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर तू येतोस, भट्टी साफ करतोस, वेलचीचा पाव खातोस, एक घरी घेऊन जातोस. पावाची पावती देतात का कुणी?

ड्वेन : रेइनोंकडून मी पैसे घ्यायचे? ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं?

हेल्मी : घ्यायला हवे होतेस. तुझ्या चांगुलपणानं माझं नुकसान झालं बघ. दुष्ट माणूस असतास तर आज माझ्या हातात पावत्यांची चळत असती.

ड्वेन : पावत्या मी आजही लिहून देतो. काम तर केलंच आहे, खोटं काहीच नाही त्यात. पण, हेल्मीबाई, पावत्यांनी भागायचं नाही.

हेल्मी : का?

ड्वेन : कंपनी जुनी पेटी परत मागवते. तपासते. आणि हा गंज बघितला की… ते काय आहे ना, पत्रा खराब असला तर तो सांध्यावर तडकतो. हा तडकलेला नाही. हा खाल्लेला आहे. सगळीकडून, पांढरा पांढरा.

हेल्मी : ड्वेन, तू भट्टीकडे बघून बोलत नाहीयेस. माझ्या धुण्याच्या मशीनकडे बघतोयस.

ड्वेन : ही भट्टी जळायला हवा या खोलीतूनच घेते. जुनी पद्धत. आणि इथे या खोलीत…

हेल्मी : बोल की.

ड्वेन : ब्लीच. त्याची वाफ हवेबरोबर आत जाते, जाळात तिचं आम्ल होतं, ते पत्रा खातं. कंपनीच्या कागदात लिहिलेलं असतं, खाली, बारीक अक्षरात. अशा खोलीत भट्टी असेल तर वॉरंटी लागू नाही.

हेल्मी : रोज दोन चादरी. कधी तीन. आणि त्या खालचं रबरी कापड.

ड्वेन : तुम्हाला कसं कळणार होतं.

हेल्मी : माझी सासू म्हणायची, आजाऱ्याच्या खोलीला वास आला की लोक त्याला मेलेला धरून बोलायला लागतात. म्हणून मी हात आखडला नाही. झाकण भरून सांगितलं असेल तिथे मी दोन झाकणं ओतली. चर्चचे पाळक येऊन गेले, नर्स येऊन गेली, एकानं नाक मुरडलं नाही. अभिमान होता मला त्याचा. आता कळलं. त्याची अब्रू धुता धुता मी त्याचीच भट्टी खाल्ली.

ड्वेन : असं नका बोलू.

हेल्मी : मग कसं बोलू? एक सांग. हा गंज काही काल आलेला नाही. हिवाळ्याच्या तोंडावर तू ही पेटी उघडली होतीस. वर येऊन कॉफी प्यायलास आणि म्हणालास, 'सगळं ठीक.' तेव्हा दिसला नव्हता?

ड्वेन : भोक नव्हतं. शपथेवर सांगतो. भोक असतं तर त्याच दिवशी बंद केली असती.

हेल्मी : भोक नाही विचारलं. गंज.

ड्वेन : होता.

हेल्मी : आणि तू पाव चघळत गप्प राहिलास.

ड्वेन : मी तुम्हाला सांगायलाच वर आलो होतो. तुम्ही स्वयंपाकघरात कॉफी करत होतात. रेइनोंनी बोटानं जवळ बोलावलं. म्हणाले, 'ब्लीच ना?' त्यांना आधीच माहीत होतं. पंखा सुरू झाला की जाळीतून वास येतो, म्हणाले. इतकी वर्षं भट्ट्यांत डोकं घातलेला माणूस, त्याला नाकानं कळलं.

हेल्मी : मला बोलला नाही कधी.

ड्वेन : मला म्हणाले, तिला सांगू नकोस. ती ब्लीच बंद करेल आणि हातानं घासत बसेल. हात बघ तिचे. म्हणाले, गंजाला अजून बराच वेळ लागेल, मला एवढा लागणार नाही. मी गेलो की चादरी थांबतील. चादरी थांबल्या की गंज थांबेल. भट्टी तिला पुरेल.

हेल्मी : असं म्हणाला.

ड्वेन : एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला. तुमची कॉफी होऊन गेली तोवर.

हेल्मी : आणि तू मान डोलावलीस.

ड्वेन : त्यांच्यापुढे मी कधी नाही म्हणालोय?

हेल्मी : आयुष्यभर याचा अंदाज चुकला नाही. पाइप कापायचा तर मोजपट्टी न लावता. आणि या एकाच गोष्टीत चुकला. म्हणजे दोष माझा, ड्वेन. मी त्याला फार नीट सांभाळला.

ड्वेन : बसा तुम्ही. इथे पायरीवर बसा. मी काय म्हणतो, नवीन भट्टी कमी नफ्यात—

हेल्मी : नवीन भट्टीचं लीसाला फोनवर विचारलं. ती ॲरिझोनातून म्हणाली, आई, त्या घरात पैसे घालण्यापेक्षा बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेव. तिचंही खोटं नाही. केंद्राच्या बाईचा परवाच फोन होता, एक खाट रिकामी झालीय. कशी रिकामी झाली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नर्स उद्या येणार आहे. घर थंड सापडलं की तिला तसं वरिष्ठांना कळवावं लागतं, आणि मग त्याला न्यायला गाडी येते. एकदा आत गेला की तो परत यायचा नाही. तुझी आई आली का?

ड्वेन : नाही.

हेल्मी : मी सगळं करून बघितलंय. विजेचे दोन हीटर लावले की फ्यूज उडतो. मागे वाफारा घ्यायची सौनाची खोली आहे, तिथल्या चुलीला लाकूड भरपूर आहे. म्हटलं, याच्या आईनं याला सौनातच जन्म दिला, तिथेच नेऊ या. खाट दारातून जात नाही. आडवी करून नाही, उभी करून नाही. म्हणून विचारते. ती 'धोका, चालवू नये'ची लाल चिठ्ठी लावू नकोस. खिडकी किलकिली ठेवीन, विषारी धुराची घंटा वाजवणारं यंत्र त्याच्या उशाशी ठेवीन. थंडी ओसरेपर्यंत चालू दे फक्त.

ड्वेन : हेल्मीबाई, हे मला मागू नका.

हेल्मी : दुसरं काय मागू?

ड्वेन : ही चिठ्ठी मला कुणी शिकवली? ख्रिसमसच्या आदल्या दिवशी त्यांनी चर्चच्या भट्टीला चिठ्ठी लावली होती. मी पिशवी धरून मागे उभा. पाळक हात जोडत होते, सगळं गाव यायचं होतं. रेइनो म्हणाले, देवाला थंडी वाजत नाही, माणसं मरतात. सगळ्यांनी कोट घालून गाणी म्हटली त्या रात्री.

हेल्मी : मीही होते. गाणाऱ्या बायकांत, आल्टोच्या रांगेत. दात वाजत होते आणि नवऱ्याचा राग येत होता.

ड्वेन : मग?

हेल्मी : मग काही नाही. लाव. पण थांब, लावायच्या आधी एक ऐक. हे मी कुणाला बोलले नाहीये. मघाशी तू आरसा धरलास आणि मला ते भोक दिसलं, तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं माहितीये? सुटले. उद्यापासून चादरी दुसरं कुणीतरी धुईल. आधी ते आलं. रेइनो त्यानंतर आठवला.

ड्वेन : कुणालाही वाटेल.

हेल्मी : कुणाला नाही. मला वाटलं.

(छताखालच्या पत्र्याच्या नळातून एक जड आवाज येतो.)

रेइनो : ड्वेन. चिठ्ठी… लाव.

ड्वेन : हो. लावतो, रेइनो.

हेल्मी : तू जागा आहेस? कधीपासून ऐकतोयस?

रेइनो : पंखा… थांबला. तेव्हापासून.

हेल्मी : गोळी दिली होती मी तुला.

रेइनो : गालात… ठेवली.

हेल्मी : रेइनो, मी आत्ता जे म्हणाले ना—

रेइनो : बरोबर… म्हणालीस.

हेल्मी : वर येते मी. थंडी वाजतेय का?

रेइनो : थोडी.

हेल्मी : चादर ओली आहे का रे?

रेइनो : मघाशीच… झाली. तुम्ही बोलत होतात. म्हणून… हाक नाही मारली.