मधल्या घरातले हात

(शिराळ्याकडच्या एका गावात कुस्तीचं मैदान. मंडपात टेबलावर लॅपटॉप, बाहेर मोठा पडदा.)

गुंडा : क्रांते, ते चित्र अजून डावीकडंच चिकटलंय की गं! भिंतीला पाल चिकटावी तसं.

क्रांती : गुंडाकाका, तुमचं काम माईकवर कुस्त्या पुकारायचं. जरा दम खा.

गुंडा : दम कसला खातीस? जोतिबा मंडपाबाहेर उभा हाय, त्याचा पोरगा विश्वजीत फाटकाच्या बी बाहेर. म्हणतोय, पडदा नीट झाल्याबिगर लंगोट चढवायचा न्हाई.

क्रांती : गेल्या वर्षीचं मनात धरून बसलाय.

गुंडा : मग? पंचानं दोघांचं बी हात वर केलेलं. कुस्ती बरोबरीत! पडद्यावरच्या तुझ्या यादीत एका अंगाला साईराज, दुसऱ्या अंगाला विश्वजीत, मधल्या घरात दोन हातांचं चित्र. ते चित्र साईराजच्या नावाला असं बिलगलं, की मैदान वरडलं, साईराज जिंकला! मी माईकवर घसा फोडला, कोण ऐकतंय? पडदा खोटं बोलतोय व्हय, म्हणं.

क्रांती : संगणकात आयती मिळते ना, त्या यादीचा हट्ट आहे तो. मधल्या रकान्याला 'मधोमध' सांगितलं, तर अक्षरं ऐकतात, चित्र ऐकत नाही. डाव्या काठालाच बसतं.

गुंडा : मग म्होरं मोकळी जागा टाकून ढकल की.

क्रांती : टाकली. अक्षरं सरकली, चित्र तिथंच.

गुंडा : आमची म्हसच की ती!

क्रांती : म्हणून यादीला आता सांगितलं, ह्या घरात तू चित्र काढूच नको, माझं मी काढते. घराची रुंदी घ्यायची, त्यातनं चित्राची वजा करायची, उरेल त्याचं निम्मं डावीकडं सोडायचं. हं... बघा.

गुंडा : आयला! बसलं की गं मधी! सर बाजूला.

क्रांती : काका, माऊस सोडा! रकाना कशाला ओढताय?

गुंडा : गप. रुंद केला... मधीच. चेपला... तरी मधीच! आता सगळी खिडकीच ताणतो. आरं तिच्या! हे कसं काय?

क्रांती : कुस्तीच्या हौदात पंच कुठं उभा राहतो?

गुंडा : पैलवान सरकत्याल तसा त्यो बी सरकतोय.

क्रांती : तसंच हे. जागा ठरवून दिलीच नाही. घर हललं, की नव्यानं मोजतं आणि मधे येतं.

गुंडा : पोरी, सकाळपास्नं तुझी खोड काढायला टपलोय, एक घावंना. माझा धंदाच बुडवलास! ...ए जोतिबा! पळ आत! लॅपटॉपनं धूर सोडला!

क्रांती : काका!

जोतिबा : धूर? मला ठावंच हुतं! कुठाय धूर?

गुंडा : बिडीचा बी न्हाई. पर 'ये' म्हणून तू आला असतास व्हय?

जोतिबा : ह्यो गुंड्या तिरडीवरनं बी खांदेकऱ्यास्नी चिमटं काढंल.

क्रांती : जोतिबाकाका, इकडं बघा. गेल्या वर्षीचीच कुस्ती लावलीय.

जोतिबा : ...साईराज. ...विश्वजीत. हात मधी हायती.

क्रांती : अगदी मधोमध.

जोतिबा : ह्या अंगाला जेवढी जागा, तेवढीच त्या अंगाला.

गुंडा : बोट लावून मोज पायजे तर. मी तर वडून, ताणून, चेपून बघितलं. पोरीनं काय केलंय ते, गड्या! हलतच न्हाई!

जोतिबा : मोजायचं कशाला? दिसतंय की. ...पोरी, भाईरच्या पडद्यावर लावशील एवढं?

क्रांती : आत्ता लावते.

गुंडा : थांब, माईक घेतो! असा पुकारतो, की पार मलकापूरला ऐकू जाईल—

जोतिबा : न्हाई गुंडा. तू काय बोलू नगो. फाटकातनं पडदा चांगला दिसतोय. विश्वजीत तिथंच उभा हाय.