सोनाराने पारखलेला अडकित्ता

एकोणीसशे अडुसष्टचा वैशाख होता. माझ्या मुलीच्या लग्नात गांधीबागेतल्या शंकर सोनाराने तिची जोडवी घडवली आणि मजुरी घेतली नाही. मी फुकटाचं ठेवत नाही. मी लोहार; बदल्यात मी त्याला स्वतः घडवलेला अडकित्ता दिला. कडक आणि मऊ पोलादाचे थर ठोकून एकजीव केलेलं पातं, त्यावर लहरी उमटलेल्या.

दुसऱ्याच दिवशी शंकर माझ्या भट्टीवर आला.

"काहून गा, हे पोलाद हाय का मेण? सुपारी तशीच, पातंच वाकलं!"

"काय केलं तू त्याचं?"

"लहरी खऱ्या का रंगवलेल्या, म्हणून विस्तवात लाल करून पाहिलं. मंग राखेत निवू देलं. खऱ्या हायेत गा!"

"अबे, ते सोनं होय का पारखाले? मी आणलेला सारा कडकपणा तू राखेत घालवला!"

"म्हंजे जोडव्याची मजुरी बाकीच राह्यली."

ते मला लागलं. पातं सरळ केलं, लाल तापवून तेलात बुडवलं. त्याने लगेच हात पुढे केला.

"थांब. आत्ता कातरशील तर काचेवानी फुटन."

ठिसूळपणा जावा म्हणून मंद आचेवर पातं गव्हाच्या रंगावर आणलं, निवू दिलं आणि अडकित्ता त्याच्या हातात ठेवला.

शंकरने सुपारी कातरली, अर्धी मला दिली आणि म्हणाला, "फिटलं."