सोन्याचा दाणा आणि सुगंधाचा कोंबडा

मी, जेसिंता कॉन्स्टान्सियो आल्मेडा, वय ५८ वर्षे, धंदा शिवणकाम, रा. शिरोडा, ता. वेंगुर्ला, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती कॉन्स्टान्सियो यांच्यासह राहते. पतींच्या उजव्या फुप्फुसात गाठ आहे. किरणांचा मारा नेमका गाठीवर बसावा म्हणून गोव्यातील रुग्णालयात गाठीजवळ खुणेसाठी सोन्याचे चार दाणे सुईने बसवले. दाणा तांदळाहून लहान असतो. त्यावेळी फुप्फुसाभोवती हवा साठून फुप्फुस आकसले व छातीत नळी घालावी लागली. असे होऊ शकते, हे डॉक्टरांनी आधी सांगितले होते. पतींनी ते ऐकून घेतले नव्हते. मी घेतले होते.

घरी आल्यावर परवा सकाळी अंगणात पतींना जोराचा खोकला येऊन एक दाणा बाहेर पडला. मी उचलायला वाकले, तोच शेजारीण सुगंधा केरकर हिच्या कोंबड्याने तो गिळला. पती ओरडले, "जेसिंता, धर त्येका! माजा सोना खाल्ल्यान!"

पतींनी कोंबडा टोपलीखाली कोंडला व समोर स्टूल टाकून बसले. सुगंधा मागायला आली असता म्हणाले, "दाणो पडांदे, मगे व्हर." म्हणजे दाणा विष्ठेतून पडला की कोंबडा घेऊन जा. ती म्हणाली, "सोन्यासाठी माजो कोंबो कापशात!" आणि तिने येथे तक्रार दिली.

पतींना सोन्याचा लोभ नव्हता. संध्याकाळी मला म्हणाले, "तोच दाणो परत घातलो तर नवी सुई नको." मी म्हटले, "तो घालूकय सुईच लागतली."  त्या रात्री ते जेवले नाहीत.

आज सकाळी रुग्णालयात तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, पडलेला दाणा परत वापरत नाहीत. उरलेले तीन जागेवर आहेत, तेवढे पुरतात. आकसलेले फुप्फुसही पुन्हा नीट फुगले आहे, नवीन सुई नाही, सोमवारपासून उपचार सुरू. पतींनी हे डॉक्टरांकडून पुन्हा एकदा वदवून घेतले.

घरी येताच पतींनी टोपली उचलली. कोंबडा सुखरूप आहे. सुगंधा कुंपणाशी उभी होती. पतींना धास्ती सुईची होती व आता सुई नाही, हे मी सांगितल्यावर तिला रडू आले, मग तिने कोंबड्याला शिव्या दिल्या. ती माझ्यासोबत आली असून तक्रार मागे घेत आहे.

पती बाहेर बाकावर बसून मोठ्याने शीळ घालत आहेत. त्यांना कोणी गप्प करू नये, ही विनंती.

जबाब मला वाचून दाखवला. शिळेमुळे शेवट नीट ऐकू आला नाही, म्हणून तो पुन्हा वाचून घेतला. मी सांगितला तसाच आहे.