उणे बारा

(पालेगाव, आण्णांची ओटी. दुपारचे दोन. पुतणी स्वप्नाली लॅपटॉपपुढे. विठाकाकू आत चुलीपाशी.)

स्वप्नाली : किती वेळा मोजू, आण्णा? छत्तीस गुंठेच येतायत.

आण्णा : गावाचं मैदान बावन गुंठं हाय गो. जुन्या कागदाव लिवलंय. कबड्डी खेलून गुडघं फोडलंय मी तिथं.

स्वप्नाली : बिल्डर म्हणतो, बावन्न कधी नव्हतेच, छत्तीसच्या वरची जमीन माझी. चारला मीटिंग आहे आणि माझाच ड्रोन त्याची बाजू घेतोय. लाज वाटते मला!

आण्णा : उंची बरोबर धरलीस ना?

स्वप्नाली : फोटोंवर उमटलीच नव्हती. मग फोटोची वेळ उड्डाणाच्या लॉगशी जुळवून काढली. सगळे साठ मीटरवरून. लॉगमध्ये शेवटी तेवढा लोचा आहे. उतरताना उणे बारा दाखवतो. ड्रोन काय जमिनीत घुसला?

आण्णा : उडवलास कुठशी?

स्वप्नाली : टेकडीवरून, देवळापाशी. खाली धूळ होती.

आण्णा : नि उतरवलास?

स्वप्नाली : तिथेच... ना?

विठा : खोटं नको बोलू गो! मैदानात जेवान घेऊन आल्ते मी. सुकटीचा वास आला नि मशीन थेट माज्या टोपलीपाशी उतरवलंस.

स्वप्नाली : काकू! अहो, लोचा नाहीये तो! लॉग उडवल्या जागेला शून्य धरतो. म्हणजे मैदान टेकडीच्या बारा मीटर खाली. फोटो साठवरून नाही, बहात्तरवरून काढलेत!

आण्णा : त्यानं काय व्हतं?

स्वप्नाली : जितका वरून फोटो, तितकी फोटोतल्या बोटभर जागेत जास्त जमीन मावते. लांबी वाढली, रुंदीपण वाढली. थांबा... एक्कावन्न पूर्णांक चौऱ्याऐंशी!

आण्णा : मंजे बावनच की गो! ए विठा, आयकलंस का? बावन!

विठा : आयकलं. माज्या सुकटीनं मोजलं मैदान.

स्वप्नाली : खरंच, काकू. तुम्ही सुकट आणली नसती तर टेकडीवरच उतरवला असता, आणि हे कुणाला कळलंच नसतं. आण्णा, रडताय?

आण्णा : धूर हाय चुलीचा. तू छापून घे समदं, उणे बारापन घे. नि पोरांना फोन लाव.

स्वप्नाली : काय सांगू?

आण्णा : मैदानाव चुना मारा म्हनावं. पार शेवटच्या दगडापरत.